रझिया मॅडम आणि लाल बटण

आमच्या साखर कारखान्याच्या गेटवर रझिया मॅडम पहिल्यांदा आल्या, तेव्हा वॉचमननं त्यांना भजनाला आलेल्या बाई समजून गेस्ट हाउसकडे पाठवलं. त्याचीही फार चूक नव्हती. त्या दिवशी एकादशी होती, गेस्ट हाउसमध्ये भजनी मंडळ जमत होतं आणि मॅडमच्या हातात पेटीसारखी दिसणारी काळी, चौकोनी बॅग होती.

"बाई, पेटी घेऊन तिकडं जावा. मंडळी बसून राहिली," वॉचमन म्हणाला.

"मला बॉयलरजवळ वाजवायचीय," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

तेव्हापासून कारखान्यात त्यांचं नाव 'पेटीवाल्या मॅडम' पडलं. त्यांना ते कळलं होतं आणि आवडलंही होतं. फोनवर स्वतःच सांगायच्या, "हाव, पेटीवाली बोलून राहिले."

पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, सुती सलवार-कमीज आणि पायात कामगारांचे असतात तसे जड बूट. यंत्रापाशी जाण्याआधी ओढणी कमरेला घट्ट बांधायच्या, बांगड्या काढून पर्समध्ये टाकायच्या. मग यंत्रासमोर नुसत्या उभ्या राहायच्या. पेटी बंदच. कुणी 'मॅडम, चहा?' म्हटलं की हात वर करून थांबवायच्या. बघून होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत.

त्यांचं घराणं नांदेडच्या जुन्या गावातलं. आजोबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, वडील पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे. मॅडम नांदेडातच इंजिनिअर झाल्या. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जिथं काही मोठं गरगर फिरतं, तिथं त्यांना बोलावणं यायचं: दाळ मिल, तेल मिल, जिनिंग, साखर कारखाने. बराच काळ न थांबता चाललेलं यंत्र आणखी किती चालवता येईल, त्यात धोका किती, हे बघायचं त्यांचं काम. लोक त्यांना दोन कारणांनी बोलवायचे. एक, खरंच भीती वाटली म्हणजे. आणि दुसरं, 'काही होणार नाही' असं कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं असलं म्हणजे. दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाइकं जास्त. त्यांना मॅडम सांगायच्या, "ते वाक्य लिहिताना माझा हात दुखतो."

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आमचे एमडीसाहेब अजून आहेत आणि त्यांचं वाचन चांगलं आहे. मी तिथं शिफ्ट इंजिनिअर होतो. आमच्याकडे बॉयलर एकच, आणि त्याचा धूर ओढून धुराड्यात सोडणारा मोठा पंखाही एकच. त्या पंख्याची पाती पुरुषभर उंचीची. पंखा थांबला की बॉयलर थांबतो, बॉयलर थांबला की सगळा कारखाना. हंगाम सुरू झाला की तो पंखा दिवसरात्र फिरतो आणि ऊस संपला तरच थांबतो. त्या वर्षी ऊस उदंड होता, संपायचं नाव घेत नव्हता आणि पंख्याचा आवाज मला बरा वाटत नव्हता. आमची कंपनाची रोजची मापं मात्र उत्तम येत होती; तरी मी एमडीसाहेबांच्या मागं लागून मॅडमना बोलावून घेतलं.

पंख्यावर नेमणूक होती गुणवंतची. रेणापूरकडचा माणूस, कष्टाळू आणि मुलखाचा भित्रा. साहेबांची गाडी गेटात शिरल्याचं कळलं तरी याच्या कपाळावर घाम यायचा. दर खंडेनवमीला तो पंख्याच्या बेअरिंगच्या डोक्यावर हळदकुंकू लावायचा, हार घालायचा. वर्षानुवर्षं त्यावर तेल, धूळ आणि पुन्हा कुंकू बसत जाऊन पुरणपोळीएवढा जाड थर तयार झाला होता. आणि नेमकं त्याच थरावर आमचा माणूस कंपन मोजायचं यंत्र टेकवत होता. देवाला धक्का नको म्हणून कुणी तो थर काढला नाही, आणि मापं उत्तम येतात म्हणून कुणाला तशी गरजही वाटली नाही.

मॅडमना ते पहिल्या नजरेत दिसलं. "हे कोणी लावलं?"

गुणवंत पुढं आला आणि अंग चोरून उभा राहिला. "म्या, मॅडम. दर सालाला लावतो."

"छान केलं. पण या गादीवरून मला खालचं काही ऐकू येईना. तुमच्या हातानंच पुसून द्या. आणि पुढच्या साली इथं नक्को, इथं लावा." त्यांनी खडूनं शेजारी एक गोल काढून दिला. गुणवंतनं आधी नमस्कार केला, मग पाणी, मग रॉकेल घेऊन सगळं साफ केलं. त्याचं होईपर्यंत मॅडम दोन पावलं मागं, गप्प उभ्या होत्या.

मग पेटी उघडली. साफ केलेल्या लोखंडावर माप घेतलं, तर ते आमच्या रोजच्या मापाच्या कितीतरी वर गेलं. बेअरिंग आतून खराब व्हायला लागलं होतं. स्टोअरमधलं जादाचं बेअरिंग काढलं, तर खोक्यात गंजून बसलेलं. नवं मागवलं तर यायला महिना तरी लागणार होता. तोवर कारखाना बंद ठेवायचा, की पंखा तसाच चालवायचा? शेतात ऊस उभा, ऊसतोड टोळ्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या टाकलेल्या, आवारात गाड्यांची रांग. आणि दुसऱ्या बाजूला तो पंखा आणि त्याच्या आसपास काम करणारी आमची माणसं.

एमडीसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "मॅडम, एका शब्दात सांगा. चालेल का?"

"असं विचारू नका, साहेब. चालताना तुटला तर काय होईल ते विचारा."

"काय होईल?"

"पाती पत्रा फाडून बाहेर येतील. त्यांच्या रेषेत तुमची माणसं चहा पिऊन राहिलीत. आत्ताच बघून आले."

ते खरं होतं. थंडीच्या दिवसांत पंख्याच्या अंगाला छान ऊब असायची, म्हणून चहाचं बाकडं तिथंच मांडलेलं होतं. मॅडमनी ते त्याच दुपारी हलवायला लावलं. लोक कुरकुरले. "मॅडम आल्या नि गारठा घेऊन आल्या," असंही कुणी म्हणालं. मॅडम म्हणाल्या, "गारठ्यानं सर्दी होते. सर्दीला औषध हाय."

एमडीसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांच्यावर सगळ्या बाजूंनी दाब होता. ते म्हणाले, "मी माहूरला नवस बोललोय. देवी सांभाळील."

"देवी सांभाळीलच. पण थांबवणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला लागलो. पंखा थांबवायला एक लाल बटण होतं. कधीतरी झाडताना कुणाचा कोपर लागून ते दाबलं गेलं होतं, तेव्हापासून त्यावर लोखंडी झाकण बसवून कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या टेबलात. मी ती लावायची ती एमडीसाहेबांना फोन करून, त्यांनी हो म्हटल्यावर. आणि एमडीसाहेबांचा फोन बहुतेक वेळा दुसऱ्या फोनवर गुंतलेला. हे मी सांगत गेलो तसतसं ते मलाच विचित्र वाटायला लागलं. इतकी वर्षं आम्हाला ती शिस्त वाटत होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चालवा. पण माझी एक अट हाय. ते कुलूप काढा. बटण गुणवंतभाऊंचं आणि बाकी दोन शिफ्टमध्ये तिथं बसतील त्यांचं. त्यांना वाटलं की थांबवायचं. तुम्हाला विचारायचं नाही, या सरांना विचारायचं नाही, मला तर नाहीच नाही. आणि एखादवेळी ते उगाच थांबवतील. ते आत्ताच धरून चाला."

"आणि नाही काढलं कुलूप तर?"

"तर मी 'बंद करा' लिहून जाते."

कुलूप निघालं. मॅडम आठवड्याला एकदा येत राहिल्या. नांदेडहून लातूर, लातूरहून पुढं एसटी नाहीतर जीप. मधल्या दिवसांत फोन यायचा, पण तो मला नाही. सरळ गुणवंतला. "गुणवंतभाऊ, कसं हाय आपलं पाखरू?" गुणवंत फोन कानाला लावून अगदी सावधान उभा राहून सांगायचा, "गरम हाय पर लई न्हाई. आवाज कालच्यावानीच." साहेबलोकांशी बोलताना तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस मॅडमशी मात्र सून कशी नांदते इथपर्यंत बोलायचा.

आणि मग एका दुपारी गुणवंतनं बटण दाबलं.

पंख्यातून खडखड ऐकू आली, त्यानं बटण दाबलं, बॉयलर उतरला, ऊस आत ओढून नेणारी गव्हाण थांबली, टाक्यांतला रस तसाच राहिला. एवढा मोठा कारखाना एकाएकी गप्प झाल्यावर जी शांतता पडते, ती ऐकूनच माणसाला आपण गुन्हा केल्यासारखं वाटतं. आम्ही धावलो, तपासलं. पंखा जसा होता तसाच होता. मोटर आणि पंखा जोडणाऱ्या कपलिंगवरच्या जाळीचा एक नट सैल झाला होता आणि ती जाळी खडखडत होती. दोन मिनिटांचं काम. वाफ पुन्हा चढवायला मात्र अर्धा दिवस जाणार होता आणि टाक्यांतला रस तोवर आंबणार होता.

एमडीसाहेबांची गाडी आली. साहेब गाडीतून उतरताच ओरडले, "कोणाला विचारून थांबवलं?"

गुणवंत डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा. साहेबांनी तिथंच फर्मावलं: याला उद्यापासून गेटवर टाका, आणि बटणाचं कुलूप परत लावा. मी बाजूला जाऊन मॅडमना फोन केला. सुदैवानं त्या लातूरच्या एका तेल मिलमध्ये होत्या. दिवस मावळायच्या आत आल्या.

केबिनमध्ये साहेब अजून धुमसत होते. "मॅडम, तुमच्या नादी लागून हे झालं."

"आवाज आला होता का?"

"जाळीचा होता!"

"ते तुम्हाला जाळी उघडल्यावर कळलं, साहेब. त्यानं आधीच कसं ओळखायचं?" मॅडमनी ओढणीनं चष्मा पुसला. "कुलूप लावायचं तर लावा, कारखाना तुमचा. पण मग पंखा सुरू करू नका. मी चालवा म्हटलं ते पंख्याच्या भरवशावर नाही म्हटलं. त्या माणसाच्या भरवशावर म्हटलं. आज त्याला तुम्ही हाकलला, तर उद्या तिथं बसेल त्याचा हात बटणावर जायचा नाही."

मॅडमनी चहाचा कप ओढून घेतला आणि अगदी सहज म्हणाल्या, "त्याचा सत्कार करा."

"कुणाचा?"

"गुणवंतभाऊंचा. शाल, फेटा, नारळ. सगळ्यांसमोर. तुमच्याकडं सत्काराला काय तोटा? मागं नव्या वजनकाट्याचासुद्धा झाला म्हणे."

मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे वळलो. साहेब माझ्या पाठीकडे बघत असणार. थोड्या वेळानं त्यांचाच हसण्याचा आवाज आला. आमच्या भागात सत्काराला कुणी नाही म्हणत नाही, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना गव्हाणीसमोर सगळे जमले. गुणवंतला फेटा बांधला तर तो डोळ्यांवर उतरायला लागला. हातात नारळ, खांद्यावर शाल आणि चेहरा फाशी जाहीर झाल्यासारखा. "भाऊ, दोनदा थांबीव, म्हंजे साडीबी भेटंल वैनीला!" असं कुणीतरी मागून ओरडलं आणि हशा पिकला. एमडीसाहेबांनी भाषण सुरू केलं ते दातओठ खाऊनच. "गुणवंतरावांनी काल कुणाला न विचारता कारखाना थांबवला." समोर गुणवंत नारळ छातीशी धरून डोळ्यांवरचा फेटा सावरत होता. साहेबांचा आवाज जरा उतरला. "त्यांना पुन्हा तसं वाटलं, तर त्यांनी पुन्हा थांबवावा. मी कारण विचारणार नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

टाळ्या झाल्या. गुणवंत रडायलाच लागला. मॅडम कडेला कामगार बायकांत उभ्या होत्या, त्यांनी टाळी वाजवली नाही. त्या गुणवंतकडे नुसत्या बघत होत्या. यंत्रासमोर उभ्या राहायच्या तशाच.

नवं बेअरिंग निघाल्याचा निरोप आला, उद्या-परवा पोचणार होतं. निरोप आला त्याच सकाळी मी बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगाच्या बाजूनं बॉयलरकडे येत होतो. पंख्याचा वेग उतरताना ऐकू आला. कुणी ओरडलं नव्हतं, कुणाचा फोन नव्हता. गुणवंतनं बटण दाबलं होतं आणि हात पसरून सगळ्यांना मागं रेटत होता. वेग उतरत असतानाच आतून दगड भरडल्यासारखा आवाज यायला लागला. पायाखालची जमीन हादरली. एक कर्कश खरखराट, आणि पंखा थांबला.

उघडून बघितलं तर बेअरिंगचा चुरा झाला होता. पंख्याचा कणा, म्हणजे शाफ्ट, खाली बसला होता आणि पात्यांची कड पत्र्याला घासून निळी पडली होती. वेग उतरलेला होता म्हणून नुसतं घासलं. पूर्ण वेगात हेच झालं असतं, तर पाती पत्र्यात थांबली नसती. पात्यांच्या रेषेत, बगॅसच्या बाजूला, तेव्हा चौघंजण फावडी घेऊन होते, आणि पाचवा मी. माझी धाकटी तेव्हा बालवाडीत होती. त्या बाईंचे आणि त्या माणसाचे माझ्यावर काय उपकार आहेत, ते मी मोजत बसत नाही. ते मोजण्यातले नाहीत.

एमडीसाहेब आले. निळ्या पडलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. काही विचारलं नाही. गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. नवं बेअरिंग आलं, बसलं, आणि उरलेला ऊस संपेपर्यंत कारखाना चालला.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. मला वाटलं, आधी पंख्याकडे जातील. त्या सरळ गुणवंतपाशी गेल्या.

"हात थरथरला का, गुणवंतभाऊ?"

गुणवंतनं आठवून बघितलं. "पैल्या बारीला लई थरथरला, मॅडम. ह्या बारीला... कळलंच न्हाई मला. दाबल्यावर ध्यानात आलं."

मॅडमनी मान हलवली. एकदा, दोनदा, मग हलवतच राहिल्या. चष्मा काढून पुसायला लागल्या, आणि तो किती पुसला तरी स्वच्छ होईना.

संध्याकाळी त्यांना जीपपर्यंत सोडायला मी आणि गुणवंत गेलो. गुणवंत पुढं होऊन जीपवाल्याशी 'मॅडमला पुढची सीट पायजे' म्हणून भांडत होता. मी मॅडमना विचारलं, "त्या एका अटीवर तुम्ही एवढ्या अडून का बसलात? पंख्याची दुरुस्ती, मापं, सगळ्यात तुम्ही आमचं ऐकून घेतलंत. तेवढ्यात नाही."

त्या गुणवंतकडे बघत म्हणाल्या, "माझी पहिलीच नोकरी. एका मिलमध्ये असाच मोठा पंखा. ऑपरेटर म्हणाला, मॅडम, हा बरा नाही, थांबवायला पाहिजे. मी म्हटलं, विचारून या. तो ऑफिसात गेला. साहेबांनी लगेच हो म्हटलं. थांबव म्हणाले. तेच सांगायला तो पळत परत येत होता, तेवढ्यात पाती बाहेर आली." त्यांनी कमरेची ओढणी सोडली. "मी बटणाच्या बाजूलाच उभी होते, सर. माझा हात पोचत होता. मला वाटलं, आपण इथं नवख्या, पाहुण्यासारख्या."

जीपवाला 'लातूर, लातूर' ओरडायला लागला.

"गुणवंतभाऊंना सांगू नका," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "बटण दाबताना त्यांच्या मनात कोणी मेलेलं नको."

गुणवंतनं दार धरलं. मॅडम पुढच्या सीटवर बसल्या, त्याला म्हणाल्या, "सूनबाईला सलाम सांगा," आणि जीप गेली. आमच्याकडे त्या आल्या त्या शेवटच्या. पुढं त्यांचे गुडघे गेले, हिंडणं बंद झालं. आता नांदेडला भावाच्या घरी असतात.

मी गुणवंतला सांगितलं नाही. शिफ्टमागून शिफ्टा त्याच्याबरोबर काढल्या, एका डब्यात जेवलो, तरी नाही. गेल्या हंगामाच्या शेवटी तो निवृत्त झाला, त्याचा निरोप समारंभ झाला. या वेळी फेटा नीट बसला. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला आणि विचारलं, आता हे लिहू का?

"गुणवंतभाऊ उठले का त्या बटणापासून?"

"उठले, मॅडम. कालच."

"हाव," मॅडम म्हणाल्या. "मग लिहा."